भूक आणि करार

‘मोल’ आणि ‘मूल्य’ हे मराठीतले एकाच घराण्यातले शब्द. मोल बाजारात राहिले आणि मूल्य नीतिविचारात जाऊन बसले. ‘मोलमजुरी’ म्हणताना किंमत डोळ्यांसमोर येते. ‘जीवनमूल्य’ म्हणताना ती येऊ नये अशी अपेक्षा असते. वेतनाच्या प्रश्नात ही दोन भावंडे पुन्हा समोरासमोर येतात. माणसाला त्याच्या एका दिवसाच्या श्रमाबद्दल जे दिले जाते, ती वस्तूची किंमत आहे की माणसाचे देणे आहे?

या प्रश्नाचा विचार करताना मला अहमदाबादचा १९१८ चा लढा नेहमी आठवतो. १९१७ च्या पावसाळ्यात त्या शहरात प्लेगची साथ आली. मजूर शहर सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी ‘प्लेग बोनस’ सुरू केला; काही ठिकाणी तो वेतनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत गेला होता. साथ ओसरली तेव्हा तो बंद करण्याचे ठरले. बाजाराच्या न्यायाने यात गैर काही नव्हते. माणसे दुर्मिळ झाली तेव्हा त्यांचे मोल चढले, सुलभ झाली तेव्हा उतरले. परंतु महायुद्धाने वाढलेले भाव प्लेगबरोबर ओसरले नव्हते. मजुरांनी ५० टक्के वाढ मागितली. मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मुंबईतील वेतने आणि स्थानिक महागाई पाहून गांधीजींनी ३५ टक्के हा आकडा रास्त ठरविला. २२ फेब्रुवारीला टाळेबंदी सुरू झाली. एका बाजूला मालकांचे अग्रणी अंबालाल साराभाई, तर मजुरांच्या बाजूला त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन, असा तो विलक्षण संग्राम होता.

आठवडे लोटले तसा मजुरांचा धीर सुटू लागला. नेते मोटारीतून येतात, पोटभर जेवतात. उपाशी आम्ही मरतो, अशी कुजबुज गांधीजींच्या कानी आली. १५ मार्चला त्यांनी उपवास आरंभिला. तीन दिवसांत तडजोड झाली, प्रकरण लवादाकडे गेले आणि अखेर ३५ टक्के वाढच मान्य झाली. तथापि या उपवासात एक दोष होता, अशी कबुली स्वतः गांधीजींनीच दिली आहे. मालकांशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते. त्यामुळे उपवासाचे दडपण त्यांच्यावर पडले आणि त्यांचा निर्णय पुरता स्वतंत्र राहिला नाही.

ही कबुली थोर आहेच. परंतु ती आपल्याला एका निराळ्या जागी नेऊन सोडते. एका माणसाच्या तीन दिवसांच्या भुकेने मालकांचे स्वातंत्र्य बाधित होत असेल, तर मजुराच्या घरातल्या रोजच्या भुकेने मजुराचे स्वातंत्र्य बाधित होत नाही काय? कापडाचा तागा भाव येईपर्यंत वखारीत ठेवता येतो. आजचा दिवस उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. ज्याच्या घरी आठवड्याचेही धान्य नाही, तो समोर येईल त्या मजुरीला होकार देतो, आणि त्या होकाराला आपण करार म्हणतो. उपवासातली सक्ती आपल्याला दिसते, कारण ती असाधारण असते. चुलीपाशी बसलेली सक्ती आपल्या अंगवळणी पडली आहे.

कायद्याला ही गोष्ट दिसावयास बराच काळ लागला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालली होती. मजुरांसाठी ठरलेल्या रोजच्या सव्वानऊ रुपयांतून एक रुपया जमादार कापून घेत असे. कोणी कोणाला साखळदंडाने बांधले नव्हते. तरीही भूक आणि दारिद्र्य यांची सक्ती हीदेखील सक्तीच होय, आणि किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध मानलेली वेठबिगारी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला.

येथे अर्थशास्त्राचा जाणकार आक्षेप घेईल, आणि तो हलका नाही. वेतन वाढले की उत्पादनखर्च वाढतो. जो कारखाना तो पेलू शकत नाही तो बंद पडतो, आणि मग कामगाराच्या हाती कमी वेतनही उरत नाही. त्याच १९८२ साली, १८ जानेवारीला, मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतील अनेकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. गिरण्या आधीच जीर्ण झाल्या होत्या हे खरे. पण कापड विणले जाणे थांबले नाही, ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर, कमी मजुरीत विणले जाऊ लागले, हेही खरे.

परंतु कमी वेतनाने खर्च नाहीसा होतो, की तो दुसऱ्याच्या माथी जातो? मुंबईच्या गिरणी कामगाराचे बिऱ्हाड पुष्कळदा कोकणात वा घाटावर असे. म्हातारे आईबाप, मुलेबाळे, आजारपण, बेकारीचे दिवस हे सारे गावची तुटपुंजी शेती आणि घरची बाई सांभाळीत असे. गिरणीच्या हिशेबवहीत या खर्चाला रकाना नव्हता. शिवाय एका मालकाच्या दृष्टीने वेतन हा खर्च असला, तरी सर्व मालकांच्या दृष्टीने तीच गिऱ्हाइकाची थैली असते. आपल्याकडची मजुरी कमी आणि इतरांकडची भरपूर असावी असे प्रत्येकाला वाटते. म्हणून तळाची रेषा एकट्याच्या सद्बुद्धीवर सोडता येत नाही, ती सर्वांसाठी एकदम आखावी लागते. १९४८ चा किमान वेतन कायदा याच जाणिवेतून आला. पुढे २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेण्यात आला.

ती रेषा कोठे आखावी? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने चार जणांच्या कुटुंबाचे अन्न, निवारा, इंधन आणि वर्षाकाठी ७२ वार कापड यांचा हिशेब मांडला. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. सणालाही त्यात जागा मिळाली, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते. माणूस केवळ उद्या कामावर येता यावे म्हणून जेवत नाही, हे त्यात मान्य झाले आहे.

या रेषेच्या वर घासाघीस खुशाल चालावी. कौशल्य, टंचाई, नफातोटा यांना तेथे बोलण्याचा अधिकार आहे. तेथे मोल आपले काम करील. परंतु रेषेखालच्या होकाराला स्वेच्छा म्हणण्यापूर्वी, नकार दिला असता तर त्या रात्री त्या घरात काय शिजले असते, एवढे तरी आपण विचारले पाहिजे.