परवडणं म्हणजे काय?

गेल्या जूनमध्ये भाचीचा फोन आला. पदवी झाली, अंधेरीला नोकरी लागली, महिन्याला हातात ३२,००० रुपये येणार. "मावशी, त्यातले भाड्याला किती घालवणं बरोबर?" असं तिनं विचारलं. तिनं 'शहाणपणाचं' किंवा 'शक्य' म्हटलं नव्हतं, 'बरोबर' म्हटलं होतं. त्या शब्दामुळे मी लगेच उत्तर देऊ शकले नाही.

तिच्यापुढे तीन वाटा होत्या. ऑफिसपासून चालत जाता येईल अशा इमारतीत दोघींत एक खोली, तिचा वाटा १४,०००. त्याच भागात चौघींच्या खोलीत एक कॉट, ९,५००. तिसरी वाट तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं सुचवलेली : डोंबिवलीला आमच्या मामाकडे राहायचं. भाडं शून्य.

सल्ला देणारे अशा वेळी एक आकडा पुढे करतात : पगाराच्या तीस टक्क्यांच्या आत भाडं ठेवावं. हा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. १९६९ साली अमेरिकेत एक कायदेदुरुस्ती झाली आणि सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त भाडं घेऊ नये असं ठरलं. १९८१ मध्ये ही मर्यादा तीस टक्के झाली. म्हणजे मुळात ते घरमालक असलेल्या सरकारवर घातलेलं बंधन होतं. प्रवास करता करता तो भाडेकरूला करायचा उपदेश झाला. भाषांतरात असं पुष्कळदा होतं : वाक्य तेच राहतं, पण ते कोणाला उद्देशून म्हटलंय ते बदलतं.

आपल्याकडचा शब्द मला जास्त उपयोगी वाटतो. 'परवडणं' या क्रियापदासाठी इंग्रजीत एक शब्द मला आजवर सापडलेला नाही. खिशाला झेपणं एवढाच त्याचा अर्थ नाही. 'आजार परवडला पण औषध नको' असं आपण म्हणतो, तेव्हा पैशांचा संबंधही नसतो. तिथे दोन त्रास समोरासमोर ठेवलेले असतात आणि त्यातला कुठला सोसायचा ते ठरवायचं असतं. म्हणून भाडं परवडतं का, हा प्रश्न टक्क्यांत सुटत नाही. कशापेक्षा परवडतं, ते आधी सांगावं लागतं.

पहिल्या दोन वाटांचा हिशेब आम्ही फोनवरच मांडला. जेवणखाण ६,०००, इतर खर्च २,०००, आणि घरी ५,०००, कारण वडिलांनी तिच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचं आहे. १४,००० ची खोली घेतली तर महिन्याला २७,००० जातात आणि ५,००० उरतात. कॉट घेतली तर २२,५०० जातात, ९,५०० उरतात. इथवर कोणीही पोचेल. मी तिला पुढचा प्रश्न विचारला : उद्या साहेबानं नको ते काम सांगितलं आणि तू राजीनामा दिलास, तर तीन महिने तग धरायला किती पैसे लागतील, आणि ते साठायला किती काळ? महागड्या खोलीत ८१,००० लागतील आणि ते साठायला सोळा महिने जातील. कॉटवर ६७,५०० लागतील, साधारण सात महिन्यांत साठतील. मोठं भाडं असं दोन्हीकडून कापतं : शिल्लक कमी करतं आणि गरज वाढवतं. त्या सोळा महिन्यांत तिला 'नाही' म्हणणं परवडणार नसतं.

यावर कोणी म्हणेल, मग स्वस्तात स्वस्त जागा घ्यावी. तेही खरं नाही. दिवसाचे तीन तास लोकलमध्ये उभं राहून दमलेलं माणूसही 'नाही' म्हणू शकत नाही. दुसरी नोकरी शोधायला, संध्याकाळी नाटकाला जायला, काही वाचायला अंगात जीव लागतो. रात्री एकटीनं चालता येईल अशी गल्ली, आतून नीट बंद होणारी कडी, स्वच्छ संडास या गोष्टींना चैन म्हणणारा माणूस त्यांच्यावाचून कधी राहिलेला नसतो. त्यांच्याखाली उतरणारं भाडं कितीही कमी असलं तरी परवडत नाही.

राहिली तिसरी वाट, शून्य भाड्याची. इथे मला थोरो आठवला. हार्वर्डचा पदवीधर. १८४५ मध्ये तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि स्वतः बांधलेल्या खोपट्याचा खर्च त्यानं पै-पैसह लिहून ठेवला : २८ डॉलर साडेबारा सेंट. त्याच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्याला जवळपास तेवढ्याच खोलीसाठी वर्षाला तीस डॉलर भाडं पडतं, हेही त्यानं टिपलं आहे. एम. ए. ला असताना या हिशेबानं मी भारावले होते. ज्या जमिनीवर ते खोपटं उभं होतं ती एमर्सनची, म्हणजे त्याच्या मित्राची. त्या यादीत जमिनीचं भाडं नाही, याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं.

उशिरा, कारण माझ्याही हिशेबात तो रकाना नव्हता. २००३ मध्ये मी मुंबईत फोर्टला मुद्रितशोधनाची नोकरी धरली आणि याच मामाकडे अडीच वर्षं राहिले. एक खोली आणि स्वयंपाकघर. मामा, मामी, दोन मुलं आणि मी. बाहेरच्या खोलीत माझी गादी पडायची म्हणून मामी स्वयंपाकघरात झोपायची. माझा डबा व्हावा म्हणून साडेचारला उठायची. वाचलेल्या पैशांतून मी पुस्तकं घेतली, आणि पुढे नोकरी सोडून भाषांतरं करण्याची हिंमत केली. दिवाळीला मामीला साडी दिली की फेड झाली असं मला वाटायचं. मी काटकसरी होते, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना सांगत आले.

हे भाचीला सांगितलं तेव्हा ती सहज म्हणाली, "मग भाडं मामीआजी भरत होती की."

गिरणगावात एकेका खोलीत डझनभर कामगार पाळीपाळीनं झोपायचे. शहरातली जागा त्यांनी अंग टेकण्यापुरतीच धरली. पगारातला मोठा वाटा मनीऑर्डरनं कोकणात नाहीतर घाटावर जायचा. त्यांच्या त्यागाच्या गोष्टी आपण ऐकत आलो आणि त्या खऱ्याच आहेत. पण त्यांचं ते स्वस्तात राहणं खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या चुलीवर आणि गावी शेत, सासू, लेकरं सांभाळणाऱ्या बायकांच्या कष्टांवरही उभं होतं. स्वस्त जागेचं उरलेलं भाडं कोणीतरी भरत असतं, आणि बहुधा त्याला पावती मिळत नाही.

म्हणून मी भाचीला टक्का सांगितला नाही. दोन गोष्टी सांगितल्या. जे भाडं तुला नोकरीला बांधून टाकतं ते जास्त आहे. जे भाडं दुसऱ्याची झोप खातं ते कमी आहे. या दोहोंच्या मधे जिथे जागा मिळेल तिथे राहा. नात्यातल्या घरी राहू नये असं माझं म्हणणं नाही. माणसं एकमेकांकडे राहतातच, आणि सगळ्याच मायेचा भाव करायचा नसतो. पण राहायचं तर महिन्याचे पैसे मामीच्या हातात द्यायचे, मामाच्या नाही, आणि डबा स्वतः करायचा.

तिनं डोंबिवलीला फोन केला. मामी आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. ती म्हणाली, "ये गं, एका भाकरीनं काय होतंय?" हेच वाक्य २००३ मध्ये मलाही ऐकायला मिळालं होतं आणि मी ते शब्दशः घेतलं होतं.

भाचीनं कॉट घेतली. दर महिन्याच्या एका रविवारी ती डोंबिवलीला जाते आणि त्या दिवशी स्वयंपाक तीच करते. मामीच्या खात्यात मीही आता दरमहा थोडे पैसे टाकते. त्याला फेड म्हणता येणार नाही. मामी तर विचारते, हे कशाचे? भाड्याचे, असं अजून मला म्हणता आलेलं नाही.