अलीशिबेचे दार

शास्त्रपाठ : लूक १ : ३९-५६



देवदूत निरोप सांगून निघून गेल्यावर मरीयेने काय केले? ती त्वरेने डोंगराळ प्रदेशात आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी गेली व सुमारे तीन महिने तेथे राहिली. जिजवर देवाची एवढी कृपा झाली होती, तिलाही गरोदरपणात दुसऱ्या स्त्रीच्या घरी जावेसे वाटले, हे आपण ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही पहिलटकरीण माहेरी जाते. तेथे आई तिचे अंग शेकते, मूल रात्री रडले तर आजी उठते. परंतु २०२० साली करोनाची साथ आली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. विरारच्या पुढे डहाणूकडे जाणारी आगगाडीही थांबली. वसई, नालासोपारा व विरार येथील किती लेकींचे माहेर असे एकाएकी दुरावले! घरात रोजगार नाही, दवाखान्यात जाण्याचे भय, आणि आपल्याच स्पर्शाने बाळ आजारी पडेल ही धास्ती. आईने तोंडाला पट्टी बांधून व हात धुऊन बाळाला खुशाल पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. परंतु पुष्कळ घरांत भयच आधी पोहोचले.

त्या काळातील आमचा एक अपराध आम्ही येथे कबूल करतो. टाळेबंदी सैल झाल्यावर आम्ही एका बाळंतिणीच्या घरी गेलो. मूल सव्वा महिन्याचे होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. सासू म्हणाली, "पाळकसाहेब, ही मुलाला जवळच घेत नाही." आम्ही म्हणालो, "मुली, विश्वास धर. देवाने पुत्र दिला आहे, त्याचे उपकार मान." मग प्रार्थना करून निघालो. मागाहून कळले की, आमची पाठ फिरताच ती म्हणाली, "आता देवही माझ्यावर रागावला." तिला सरकारी दवाखान्यात नेले ते आम्ही नव्हे, तर पाड्यावरच्या आशाताईने. उपचाराने ती काही महिन्यांत बरी झाली.

एलीया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास प्रथम झोप, भाकर व पाणी दिले; बोलणे नंतर झाले. आम्ही मात्र आधी बोललो.

बंधूंनो, बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे पुष्कळ जणींस होते व ते आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे लोटले तरी उदासी जात नाही, बाळ निजले असताही झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, बाळाविषयी माया वाटत नाही, तर तो आजार समजावा. गरोदरपणातही तो होतो. आपल्यासारख्या देशांत १०० बाळंतिणींपैकी सुमारे २० जणींस मनाचा काही ना काही विकार होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग हा अविश्वास कसा म्हणावा? ही भूतबाधाही नव्हे. आणि जी मरणाची भाषा बोलते, बाळाला इजा करण्याचे बोलते, किंवा जिला नसलेले आवाज ऐकू येतात, तिला एकटी न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

प्रचारकांनो, बाळंतिणीच्या घरी जाताना मंडळीतील एखादी जाणती बाई बरोबर न्या. "बाळ कसे आहे?" असे विचारण्याआधी "बाई, तुला झोप लागते का?" असे विचारा. तिचे ऐकून घ्या. मंडळीतील भगिनींनी पाळीपाळीने एक वेळची भाकर पोहोचवावी व घटकाभर मूल सांभाळावे, म्हणजे आई निजेल. नवऱ्यानेही रात्री उठावे. त्यात कमीपणा नाही. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा रात्रंदिवस विनामूल्य सल्ला देते. तो क्रमांक मंदिराच्या दाराशी लिहून ठेवा.

साथ ओसरली, पण ज्यांचे माहेर दूर आहे अशा लेकी आपल्या शेजारी आजही आहेत. अलीशिबा स्वतः सहा महिन्यांची गरोदर होती, तरी तिने मरीयेला बोल लावला नाही. आनंदाने आत घेतले. आपल्या मंडळीतील प्रत्येक घराचे दार असेच उघडे असो. आमेन.