माळ कोणाच्या गळ्यात?



भूतदयेवर मी चाळीस वर्षे कीर्तनांतून बोललो. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हे दृष्टांत सांगताना श्रोत्यांचे डोळे ओले होत. पण दया कशाला म्हणावे, हे मला उतारवयात एका पालीने शिकवले.

मागे न्यू जर्सीला लेकीकडे सहा महिने राहिलो. अकरा वर्षांच्या नातवाने काचेच्या पेटीत पाल पाळली होती, अजून वाढत्या वयाची. तिला लेपर्ड गेको म्हणतात. पिवळ्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके. ही जात मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. आपल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही आणि तिला पापण्या असतात. तिचे अन्न एकच, किडे. नातू रातकिड्यांना कॅल्शियमची पांढरी भुकटी लावून पेटीत सोडत असे.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "बाळा, आपल्या घरात माळ आहे. रोज हे जीव कशाला मारतोस?"

पोर गप्प राहिले. मग मी झोपल्यावर तो चोरून, घाईघाईने दोन-चार किडे टाकू लागला. भुकटी राहून गेली.

चार महिन्यांनी पाल पोट घासत सरपटू लागली. पुढचे पाय वाकले, जबडा मऊ पडला, बोटे थरथरू लागली. डॉक्टर म्हणाले, हाडांना कॅल्शियम मिळालेले नाही. रातकिड्यांत ते फार थोडे असते, म्हणून वरून द्यावे लागते. रक्तात कमी पडले की शरीर ते स्वतःच्याच हाडांतून ओढून घेते.

नातू डॉक्टरांना म्हणाला, "मी भुकटी विसरलो." माझे नाव त्याने घेतले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माळ मी समजून-उमजून घातली, तिचे पथ्य मला. ती पालीच्या गळ्यात घालण्याचा अधिकार मला कोणी दिला? नाथांनी गाढवाची तहान पाहिली, त्याला एकादशी सांगितली नाही. मी केली ती दया नव्हती, तो व्रताचा अभिमान होता.

मग रातकिड्याचा जीव हा जीव नव्हे काय? आहे. तो हिशेब मला अजून सुटलेला नाही. मुळात असा जीव पेटीत आणूच नये, असे मला वाटते. पण आणल्यावर त्या थंडीत बाहेर सोडणे म्हणजे मारणेच. ज्याचे दार आपण बंद केले, त्याला त्याचा घास देणे आपल्यावरच येते.

दुसऱ्या दिवसापासून भुकटीची डबी मी हाती घेतली. डॉक्टरांचे औषध थेंबाथेंबाने पाजले, पेटीचा तळ एका बाजूला 32 अंशांपर्यंत उबदार आहे ना, ते पाहिले. मी निघेपर्यंत ती पोट उचलून चालू लागली. पाय मात्र वाकडेच राहिले.

वाचकहो, आपल्या घरातही एकदा पाहा. मधुमेही म्हातारीला उपास, लेकुरवाळ्या सुनेला सोवळे. आपले पथ्य आपण कोणाच्या हाडांतून वसूल करीत आहोत?

रामकृष्णहरी.