जपणे आणि वाचणे

भंगारातून एखादा जुना संगणक घरी आणला की पहिला मोह होतो तो कळ दाबून पाहण्याचा. तो आवरणे हे या छंदातील पहिले व्रत होय. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील बॅटरी पाझरून सर्किट बोर्डावरचे तांबे खाते, कपॅसिटर निकामी होतात. म्हणून आधी झाकण उघडायचे, बॅटरी काढायची, वीजपुरवठ्याचा भाग सुटा करून मीटरने तपासायचा. हार्ड डिस्कला तर अधिकच जपावे लागते. ती कदाचित अखेरचीच फिरणार असते. म्हणून ती चालू झालीच, तर सर्वप्रथम तिची संपूर्ण नक्कल उतरवून घ्यावी, असा जाणकारांचा नियम आहे.

आमचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. उतरवलेली नक्कल वाचावी काय?

चुंबकीय खूण मोठी चिवट असते. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक यंत्राच्या डिस्कमध्ये पन्नास तबकड्या होत्या व तीत पन्नास लाख अक्षरे मावत. कॅलिफोर्नियातील अभ्यासकांनी या शतकाच्या आरंभी अशाच एका डिस्कवरील जुना मजकूर पुन्हा वाचून दाखविला. त्याचे कौतुकच वाटते. परंतु आमच्या एका स्नेह्यांनी दुरुस्त केलेल्या वीस मेगाबाइटांच्या डिस्कवर कुणा वकिलाच्या कचेरीतील कागद निघाले. काही फाइली पुसलेल्या होत्या. 'डॉस'मध्ये पुसणे म्हणजे नावाचे पहिले अक्षर बदलून जागा मोकळी झाल्याची नोंद करणे, एवढेच. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. पोटगीच्या एका अर्जाच्या दोन ओळी वाचून स्नेह्यांनी संगणक बंद केला.

यावर कुणी म्हणेल, पेशवे दप्तर असेच मिटून ठेवले असते तर? गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांत खासगी पत्रेही आहेत. आक्षेप वजनदार आहे. तथापि त्या पत्रांतील माणसे केव्हाच काळाआड गेली होती. पोटगी मागणारी ती स्त्री मात्र आजही याच शहरात असू शकेल. तिने आपले दुःख वकिलाला सांगितले होते, भंगारवाल्याला नव्हे. शिवाय फाइल पुसणे ही व्यक्त केलेली इच्छाच असते. यंत्राने ती पाळली नाही, एवढ्याने ती न पाळण्याची मुभा आम्हांला मिळत नाही.

जपण्यासाठी कौशल्य पुरते. वाचण्यासाठी अधिकार लागतो. चौकशीअंती वकील हयात नसल्याचे कळले. घरच्यांना ते कागद नको होते. तेव्हा स्नेह्यांनी प्रोग्राम तेवढे राखले आणि कागदांची जागा, डिस्कवर व नकलेतही, शून्यांनी भरून टाकली. उद्याच्या एखाद्या अभ्यासकाचे यात नुकसान झाले असेल. ते आम्ही मान्य करतो. डिस्क अजून फिरते आहे.