जो पळू शकला नाही



ख्रिस्तराजाच्या सणाचे लूकच्या शुभवर्तमानातील वाचन (२३:३५-४३) आज आपण ऐकले. आपल्या राजाच्या दोन्ही बाजूंना दरबारी नाहीत, दोन गुन्हेगार आहेत. एक निंदा करतो. दुसरा आपल्याला मिळालेली शिक्षा योग्यच आहे असे कबूल करतो आणि फक्त आठवण ठेवा, एवढेच मागतो. प्रभू त्याला त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचे वचन देतो.

हे ऐकताना आम्हाला एक चित्रपट आठवला. १९७५ साली आलेला यश चोप्रांचा ‘दीवार’ आपल्यापैकी अनेकांनी निदान टीव्हीवर तरी पाहिला असेल. वडिलांवरचा राग लोक लहानग्या विजयच्या हातावर गोंदून काढतात. आई दोन मुलांना घेऊन मुंबईच्या फुटपाथवर येते, बांधकामावर राबते. मोठा विजय बुटांना पॉलिश करतो, म्हणून धाकटा रवी शाळेत जातो. पुढे रवी पोलीस अधिकारी होतो आणि गोदीत हमाली करणारा विजय तस्करांच्या टोळीत शिरतो. अमिताभ बच्चन यांनी साकारलेला विजय साऱ्या देशाने डोक्यावर घेतला. पण एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. रवीच्या अंगावरच्या स्वच्छ वर्दीमागे विजयच्या काळ्या झालेल्या हातांचे कष्ट होते.

याच्या ३७ वर्षे आधी, १९३८ साली, हॉलिवूडमध्ये ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ हा चित्रपट निघाला. त्यात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील दोन मुले रेल्वेच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलिसांची चाहूल लागताच दोघेही पळतात. जेरी चपळ, तो निसटतो. रॉकी सापडतो आणि सुधारगृहात जातो. रॉकी मित्राचे नाव सांगत नाही. पुढे जेरी धर्मगुरू होतो, रॉकी नामचीन गुंड. रॉकीला मृत्युदंड दिल्यावर फादर जेरी वस्तीतल्या पोरांना प्रार्थनेला नेतात. आपल्याइतके वेगाने जो पळू शकला नाही, त्या मुलासाठी ती प्रार्थना असते. आपण चांगले म्हणून वाचलो, असे ते म्हणत नाहीत.

रॉकीची भूमिका करणारे जेम्स कॅग्नी स्वतः न्यूयॉर्कच्या अशाच वस्तीत, कॅथलिक घरात वाढले. त्यांच्या बालपणीच्या एका सोबत्याला १९२७ साली सिंग सिंग तुरुंगात मृत्युदंड झाला. कॅग्नी तेव्हा ब्रॉडवेच्या रंगभूमीवर काम करीत होते. आपण भाऊ त्या वाटेला का गेलो नाही, याचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले नाही, आपल्या आईला दिले.

बंधुभगिनींनो, आपल्या देवणीचे नाव गाई-बैलांमुळे दूरवर पोचले आहे. दावे तोडून गेलेले जनावर सांजेला गोठ्यात परतले नाही, तर आपण जेवण बाजूला ठेवून बॅटरी घेऊन शोधायला निघतो. माणूस हरवला तर मात्र पारावर चर्चा करतो. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेला एखादा मुलगा वाईट संगतीला लागला, पोलीस कोठडीत गेला, तर त्याचे नाव आपल्या ओठांवरून निघून जाते. त्याची आई मिस्साला येते ती उशिरा, बसते ती दाराजवळ, आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच निघून जाते. तिला कोणी हाकलले नाही. पण तिला कोणी जवळही बोलावले नाही.

याचा अर्थ गुन्ह्यावर पांघरूण घालावे, असा मुळीच नाही. ‘दीवार’मधील आई रवीला कर्तव्यापासून अडवत नाही. पण त्यानंतर ती विजयची वाट पाहायला देवळात जाते, आणि तिच्याच मांडीवर तो प्राण सोडतो. चोराला चोर म्हणूनही लेकरू मानायचे, हे आईला जमते. ख्रिस्तसभेला आपण आई म्हणतो, मग आपल्याला का जमू नये?

आपणही पुष्कळदा केवळ निसटलो आहोत. वेळेवर कोणी कान पकडला, कोणी फी भरली, कोणा मोठ्या भावाने शाळा सोडली, म्हणून आज आपण पुढच्या बाकावर आहोत. तेव्हा या आठवड्यात प्रत्येक घराने सायंप्रार्थनेत अशा एका मुलाचे नाव घ्यावे. त्याच्या आईच्या घरी जाऊन चहा घ्यावा. उपदेश नको, नुसते बसावे. आणि पुढच्या रविवारी तिला आपल्या शेजारी जागा द्यावी.

हे ख्रिस्तराजा, तुझ्या शेजारी टांगलेल्याची तू आठवण ठेवलीस. आमच्यातल्या हरवलेल्यांची आठवण ठेव, आणि आम्हालाही त्यांचा विसर पडू देऊ नकोस. आमेन.