भोग म्हणून सोसायचं, की उपचार घ्यायचे?

‘अंग बाहेर येतंय’ हे बाई सांगते ते बहुधा फार उशिरा, आणि तेही थोरली जाऊ किंवा आशाताई जवळ बसली असेल तेव्हा, दबक्या आवाजात. तोवर कापडाची घडी बांधून तिने कित्येक हंगामांची खुरपणी केलेली असते, डोक्यावरून हंडे वाहिलेले असतात. इतके दिवस गप्प का राहिलीस, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: बाईच्या जन्माचे भोग, दुसरं काय? हे उत्तर केवळ हताशपणातून आलेलं नाही. दुःख मागच्या कर्मातून येतं, ते भोगूनच संपतं आणि मुकाट सोसण्यात पुण्य आहे, अशी एक पूर्ण विचारसरणी त्यामागे उभी आहे. तिची नीट तपासणी व्हायला हवी, कारण तिची किंमत बायका आपल्या शरीराने मोजतात.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. ओटीपोटाच्या तळाशी स्नायू आणि बंधांची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधाराने जागेवर राहतात. बाळंतपणात, विशेषतः ते अडलं किंवा फार लांबलं तर, ही झोळी ताणली जाते, कधी फाटते. पुढची बाजू सैल पडली तर मूत्राशय योनीत उतरतं, मागची पडली तर गुदाशय आणि वरचा आधार सुटला तर गर्भाशय. गर्भाशय काढून टाकलेल्या बाईतही योनीचा वरचा भाग कालांतराने खाली येऊ शकतो. लागोपाठची बाळंतपणं, चुलीच्या धुराने जडलेला खोकला, जुनी बद्धकोष्ठता, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी आणि पाळी गेल्यावर घटणारं इस्ट्रोजेन यांनी दुखणं वाढतं. बाळंतिणीला सव्वा महिना जड कामापासून दूर ठेवण्याच्या रीतीत शहाणपण होतं. रोजंदारीवर पोट असलेल्या बाईला ते कधीच परवडलं नाही. या सगळ्या कारणांत गेल्या जन्मीचं पाप कुठेही सापडत नाही.

परंपरेचा दाखला द्यायचाच असेल, तर तो चरकसंहितेचा द्यावा. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, की माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय म्हणतात, आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोन्हींवर अवलंबून असतं. दैव म्हणजे पूर्वजन्मीचं कर्म आणि पुरुषकार म्हणजे या जन्मीचं. प्रयत्न बलवान असेल तर तो दुबळ्या दैवाला मागे सारतो. पुढचा युक्तिवाद तर बिनतोड आहे: सगळंच आधी ठरलेलं असतं, तर औषधं, मंत्र, शांतिकर्मं कुणी केलीच नसती आणि पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला होण्याचंही कारण उरलं नसतं. कर्मसिद्धांत मानणाऱ्या परंपरेतच हे लिहून ठेवलेलं आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात जागेवरून सरकलेल्या योनीला शल्य, म्हणजे शरीरात रुतलेल्या परक्या वस्तूसारखं, मानलं आहे. स्नेहन आणि स्वेदन करून ती हाताने पूर्ववत बसवावी, असं तिथे सांगितलं आहे. शल्य काढायचं असतं. ते जपण्यात कसलंही पुण्य नाही.

हा झगडा आपल्याकडेच होता असंही नाही. एडिंबरात जेम्स सिम्प्सन यांनी 1847 साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा प्रसूतिवेदना हा हव्वेला मिळालेला ईश्वरी दंड आहे, या आक्षेपाला त्यांना उत्तर द्यावं लागलं. त्यांनी बायबलच पुढे केलं: आदमची फासळी काढण्याआधी देवानेच त्याला गाढ झोप आणली होती.

भोगाइतकीच भक्कम दुसरी भिंत लाजेची. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेलं संशोधन 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोगाचा काही ना काही विकार होता. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. ते संशोधन सगळ्याच स्त्रीरोगांचं होतं, पण मौन किती खोल असतं हे त्यातून कळलं. लाजेला दोष देत बसण्यापेक्षा तिला वाट करून देणं बरं. आनंदीबाई जोशी यांनी 1883 साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात नेमकं हेच मांडलं होतं: इथल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे मोकळ्या होत नाहीत, तेव्हा स्त्री डॉक्टर हव्यात.

उपचार तर हाताशी आहेत. सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम उपयोगी पडतात, अमेरिकेतल्या डॉ. अर्नॉल्ड केगेल यांनी ते 1948 साली मांडले. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू आवळायचे, काही क्षण धरायचे, सोडायचे, आणि हे काही महिने नेटाने करायचं. खोकला आणि बद्धकोष्ठता यांच्यावरही इलाज हवा, नाहीतर मेहनत वाया जाते. त्यापुढची पायरी पेसरीची. ही सिलिकॉनची कडी योनीत बसवली की अवयव वर राहतात. वेळोवेळी ती काढून धुवावी लागते. शस्त्रक्रियेत मुंबईच्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. मूल हवं असलेल्या तरुण बाईचं गर्भाशय न काढता ते आधार देऊन वर बांधण्याच्या पद्धती डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी रुजवल्या.

‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मात्र तपासून घ्यावा. फाटलेला आधार शिवला नाही, तर नुसती पिशवी काढून दुखणं जात नाही. योनीमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीबद्दलही सावध राहायला हवं. बायकांना तिचे फार त्रास झाले आणि अमेरिकेच्या एफडीएने 2019 साली या दुखण्यासाठी तिची विक्री थांबवली.

खाली उतरण्याची दुखणी आणखीही आहेत. लहान मुलांत जुलाब, जंत किंवा कुंथण्यामुळे होणारा गुदभ्रंश, म्हणजे गुदाशय बाहेर येणं, मूळ कारण गेलं की बहुधा बरा होतो. मोठ्यांत त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते. बाळाआधी नाळ खाली उतरली तर मात्र मिनिटं मोलाची असतात: बाईची कंबर उंच ठेवून तिला तातडीने दवाखान्यात न्यावं.

नेपाळमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला. गर्भाशय खाली येण्याचं दुखणं हा स्त्रियांच्या प्रजनन हक्काचा प्रश्न आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली म्हटलं आणि सरकारला उपचारांची व्यवस्था करायला सांगितलं. नशिबाच्या खात्यावर टाकलेलं दुखणं तिथे राज्याच्या जबाबदारीत आलं.

घरातल्या आईला, सासूला, मावशीला हे एकदा एकांतात विचारा. ओटीपोटात जडपणा, बसताना काही खाली येतंय असं वाटणं, लघवी पूर्ण न होणं, ही तपासणी करून घेण्याची लक्षणं आहेत. लघवी अडली, बाहेर आलेला भाग काळा पडला किंवा त्यातून रक्त येऊ लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.