न मागितलेल्या जागा

शिंदेशाहीत स्त्रीच्या हाती सत्ता येत असे, हक्क मात्र येत नसे. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यावर बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार खंबीरपणे चालवला. उज्जैनचे गोपाळ मंदिर त्यांनीच बांधवले. पण गादी दत्तक जनकोजीची होती, आणि १८३३ मध्ये त्यांना राज्य सोडून जावे लागले. १९२५ नंतर जिवाजीराव अज्ञान असताना राजप्रतिनिधी मंडळाचे अध्यक्षपद चिंकूराजेंकडे आले, तेही सावत्र मुलाच्या वतीनेच. माळव्याला स्त्रीचे राज्य नवे नव्हते. संस्थानातल्या सामान्य स्त्रीच्या पदरात मात्र त्यातून काही पडले नाही.

मताचा विचार वाढला तो ब्रिटिश मुलखात. मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांना मत दिले, पण मालमत्तेची अट कायम ठेवून. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, उज्जैनच्या शेजारच्या देवासातल्या घाटग्यांची लेक. सुरुवातीला परिषदेचा विषय शिक्षण एवढाच होता. गोलमेज परिषदांच्या काळात तो राज्यघटनेपर्यंत पोहोचला. प्रमुख महिला संघटनांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला आणि राखीव जागा नाकारल्या. सवलत घेतली की बरोबरीचा दावा लंगडा पडतो, आणि जातीधर्माच्या फाळणीत स्त्रियाही वाटल्या जातात, ही त्यांची भीती होती. ती खोटी नव्हती: १९३५ च्या कायद्याने स्त्रियांना राखीव जागा दिल्याच, पण धर्मवार वाटून.

या चळवळीत ग्वाल्हेर संस्थानाचे नाव नेले ते राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांनी. अमरावतीच्या सर मोरोपंत जोशींची ही कन्या, लग्नाने ग्वाल्हेरची, डॉक्टर होती. त्या महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९३९ मध्ये राष्ट्रीय नियोजन समितीने स्त्रियांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या उपसमितीचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. उपसमितीचा अहवाल आजही वाचकाला थबकवतो. घरकामाला आर्थिक मोल आहे, समान कामाला समान वेतन हवे, कमाईवर आणि मालमत्तेवर स्त्रीचा स्वतःचा ताबा हवा, असे त्यात स्वच्छ मांडले आहे. कुटुंबाच्या नव्हे, व्यक्तीच्या नात्याने स्त्रीचा विचार करणारा हा दस्तऐवज घटना समितीच्या आधीचा आहे. त्याची आठवण फार थोड्या ठिकाणी निघते, ही खेदाची गोष्ट आहे.

घटना समितीत पंधरा स्त्रिया होत्या. मध्य भारताच्या प्रतिनिधींत इंदूरचे विनायक सीताराम सरवटे होते, स्त्री एकही नव्हती. मुंबईहून निवडून आलेल्या हंसाबेन मेहतांनी १९ डिसेंबर १९४६ रोजी सभागृहाला सांगितले की स्त्रियांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत. त्यांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे. हा नकार स्वाभिमानाचा होता. मात्र त्यामागे एक गृहीत होते: मत मिळाले की जागा आपोआप मिळतील.

हे गृहीत ज्यांना परवडणारे नव्हते, त्या स्त्रिया आधीच बोलल्या होत्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. तिने घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी मागितलीच, शिवाय सर्व कायदेमंडळांत आपल्या प्रतिनिधित्वाची तरतूद मागितली. डॉ. आंबेडकर त्या वेळी नागपुरात होते. माळव्यातल्याच महूला जन्मलेल्या बाबासाहेबांनी पुढे हिंदू कोड बिलात घटस्फोट, एकपत्नीत्व आणि वारसा हे विषय घेतले. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. राजीनाम्याची इतरही कारणे होती, पण हे त्यांतले मोठे.

राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि कलम १५(३) ने स्त्रियांसाठी खास तरतुदीची वाट उघडी ठेवली. पहिल्या लोकसभेत स्त्रिया पाच टक्क्यांच्या आसपासच निघाल्या. तरीही १९७४ च्या स्त्रीस्थिती समितीच्या अहवालात बहुमत विधिमंडळांतील आरक्षणाच्या विरोधातच गेले. सदस्य लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी भिन्नमत नोंदवले, आणि पुढचा काळ त्यांच्या बाजूने वळला. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी संघटनेच्या स्त्रियांनी जिल्हा परिषदा लढवण्याचे ठरवले. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने स्थानिक संस्थांत किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. मध्य प्रदेशाने आणि महाराष्ट्राने पुढे त्या निम्म्यावर नेल्या.

संसदेत मात्र १९९६ मध्ये मांडलेले स्त्री-आरक्षणाचे विधेयक पुन्हा पुन्हा अडले. चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरमधून निवडून आल्या आणि २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या आरक्षणाविना. २०२३ च्या १०६ व्या दुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही स्त्रियांचा तेवढाच वाटा ठेवला. अंमलबजावणी दुरुस्तीनंतरच्या जनगणनेवर आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सोपवलेली आहे.